सहा वाड्यांचे फॉर्म

जुनी गाणी लावणाऱ्या रेडिओ स्टेशनवर गाणी कशी निवडतात, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. लोकांना वाटतं, निवडणारा मनात येईल ते लावत असेल, किंवा फर्माइशी येतील तसं. कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका छोट्या स्टेशनवर मी नऊ वर्षं हेच काम केलं, आणि मनात आलं म्हणून एकही गाणं तिथे लावलं नाही. तसं लावणाऱ्या आमच्याकडे एकच बाई होत्या. त्यांचा दुपारी दोनचा तास बंद झाला. तो का बंद झाला ते कागदावर आहे, आणि त्या कागदातलं बहुतेक सगळं खोटं आहे. ते मी लिहिलं. माझं वय आता चौऱ्याहत्तर आहे. हे सांगायला मी फार उशीर केला, त्याचं कारणही पुढे येईल, पण ते चांगलं कारण नाही.

स्टेशनच्या आधी कर्जतच्या बाजारात माझं कॅसेटचं दुकान होतं. सीडी आल्या, मग मोबाईलमध्ये गाणी भरून द्यायचे दिवस आले, मग तेही गेले. दुकान बंद करून घरी बसलो होतो तेव्हा एका शिक्षण संस्थेनं रेडिओ स्टेशन काढलं. शाळेच्या गच्चीवर दोन खोल्या आणि एक मनोरा. एका बाजूला चौकपर्यंत, दुसऱ्या बाजूला खालापूरच्या थोडं पुढं आमचा आवाज पोचायचा. उत्तरेला माथेरानचा डोंगर आडवा यायचा. संस्थेच्या लोकांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. कुणीतरी सांगितलं, कॅसेटवाल्या काकांना बोलवा.

तिथे मी पुठ्ठ्यावर एक मोठं घड्याळ काढलं होतं. एका तासात बारा गाणी, प्रत्येक गाण्याला घड्याळात एक जागा. बातम्या संपल्यावरचं पहिलं गाणं असं हवं, की नुसतं सुरुवातीचं वाजवणं ऐकून माणसानं ओळखावं. गाडी चालवणारा बटण फिरवायला हात पुढं करतो तो तिथेच. दोन संथ गाणी लागोपाठ नकोत. बाईच्या आवाजानंतर पुरुषाचा आवाज. कमी ऐकलेलं एखादं गाणं घालायचंच असेल तर दोन फार ओळखीच्या गाण्यांच्या मधे, म्हणजे माणूस पुढच्या गाण्याच्या आशेवर थांबतो. एक गाणं एकदा लागलं की चार दिवस विश्रांती. फार चाललेलं गाणं महिनाभर कपाटात. सकाळी भक्तिगीतं, नऊनंतर हिंदी, शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणाऱ्या मुंबईच्या गाड्यांसाठी आणखी हिंदी.

एखादं गाणं चालेल की नाही हे बघायची माझी रीत दुकानातली होती. चौकच्या ढाब्यावर चहा घेत बसायचं आणि मोबाईलवर गाण्याची फक्त सुरुवात लावायची. आवाज सुरू व्हायच्या आत आजूबाजूचा कोणी गुणगुणला, पाय हलवला, तर गाणं पास. ट्रकवाले, गॅरेजवाले, टेंपोवाले हे माझे परीक्षक. सगळे पुरुष. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही, असं लिहायचा मोह होतो. खरं म्हणजे लक्षात आलं होतं. बायका ढाब्यावर येत नाहीत, मग त्यांना कुठं विचारणार, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

पुढं संस्थेनं मुंबईहून एक सल्लागार बोलावला. त्यानं आमची सगळी यादी बघितली. दोन हजारांच्या वर गाणी होती. म्हणाला, "तीनशे ठेवा."

"आणि बाकीची?"

"बाकीची घरी ऐका, काका. लोक जुनं ऐकायला येत नाहीत, ओळखीचं ऐकायला येतात."

मला त्याचा राग आला नाही. दुकानात सव्वीस वर्षं मी हेच बघितलं होतं. गिऱ्हाईक शंभर कॅसेटी चाळायचं आणि घरी असलेलीच पुन्हा घेऊन जायचं, कारण पहिली झिजलेली असायची.

पण दुपारच्या दोनच्या तासाला हे नियम लागत नव्हते. तो तास बाईंचा. खालापूरच्या, आधी बालवाडीत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणायचे. वयानं माझ्यापेक्षा पंचवीस-तीस वर्षांनी लहान. एसटीनं यायच्या, पिशवीत एक वही. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. जुनी मराठी गाणी, तीही कुणाला धड नाव न सांगता येणारी. मधे लग्नातलं एखादं, भातलावणीच्या वेळी बायका म्हणतात त्यातलं एखादं, त्यांनीच कुठंतरी बसून रेकॉर्ड केलेलं. दोन संथ गाणी लागोपाठ लावायच्या, कधी तीन. आणि गाण्यांच्या मधे शेजारणीशी बोलावं तसं बोलायच्या. त्या तासाला फोन जवळजवळ येत नसत.

एकदा त्यांनी मला विचारलं, "काका, हे गाणं आहे का तुमच्याकडं?" आणि दोन ओळी गुणगुणल्या.

"असं गाणंच नाही."

"आहे हो. माझी मावशी म्हणायची."

"मावशीनं रचलं असेल."

त्या हसल्या. पंधरा दिवसांनी खोपोलीच्या कुणाकडून तरी एक जुनी टेप घेऊन आल्या. गाणं होतं. त्यांनी ते लावलं तेव्हा मी बाहेरच्या खोलीत होतो. झाडू मारणाऱ्या मावशी दारात थांबल्या आणि दुसऱ्या कडव्यापासून बरोबर म्हणायला लागल्या. सगळे शब्द. झाल्यावर मला म्हणाल्या, "काका, तुमाला नाय ठावं? तुमचं तर दुकान व्हतं."

एवढंच झालं. कुणी अपमान केला नाही. पण त्या दिवसापासून दोन वाजले की मी काहीतरी काम काढून खाली शाळेच्या ऑफिसात जाऊन बसू लागलो.

सल्लागार जाताना म्हणाला होता, दुपारचा तास ठेवायचा की नाही ते मोजून ठरवा. ते काम माझ्याकडे आलं. सात वाड्या निवडल्या, प्रत्येक वाडीत दहा घरं, म्हणजे सत्तर फॉर्म. फॉर्म मीच तयार केला. पहिला प्रश्न होता, घरात रेडिओ आहे का. उत्तर नाही आलं तर पुढचे प्रश्न विचारायचेच नाहीत, 'ऐकत नाही' या रकान्यात खूण करायची.

पहिल्या वाडीत मी खरंच गेलो. ऑक्टोबरचं ऊन होतं, भातकापणी चालू होती, घरात म्हातारी माणसं तेवढी. पहिल्याच दारात एक आजी बसल्या होत्या.

"आजी, रेडिओ आहे का घरात?"

"व्हता. म्हाताऱ्याचा. म्हातारा गेला, मग त्यो पन बंद पडला."

"म्हणजे आता नाही."

"नाय. तुमी दुरुस्तीवाले काय?"

खूण केली, पुढं गेलो. दहाही घरांत रेडिओ नव्हता. त्या आजींची सून शेतात होती. तिच्या कमरेला काय खोचलेलं आहे हे मी विचारलं नाही, आणि माझ्या फॉर्ममध्ये ते विचारायला जागाही नव्हती.

उरलेल्या सहा वाड्यांत मी गेलो नाही. चौकला उतरलो, नेहमीच्या ढाब्यावर मागच्या बाकावर बसलो आणि साठ फॉर्म भरले. दोन दिवस लागले. तीन वेगवेगळी पेनं वापरली. नावं मतदार यादीतून उतरवली. काही फॉर्म डाव्या हातानं भरले. सगळ्यांत 'ऐकत नाही' आलं तर संशय येईल म्हणून चार घरांपुढे 'ऐकतो' लिहिलं.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की गुडघे दुखत होते. दुखत होतेच. आणि पहिल्या वाडीत सगळीकडे नाही म्हणाले, तर पुढं वेगळं काय निघणार, असंही सांगत आलो. पण गुडघे दुखणारा माणूस घरी जातो. दोन दिवस बाकावर बसून डाव्या हातानं लिहीत नाही. मला तो तास बंद व्हायला हवा होता. झाडू मारणाऱ्या मावशींचा तो प्रश्न मला पुन्हा ऐकायचा नव्हता.

बैठकीत स्टेशनच्या प्रमुखांनी आकडा वाचून दाखवला. सत्तर घरं, सहासष्ट ऐकत नाहीत. बाई समोर बसल्या होत्या, वही मिटलेली.

"सातही वाड्या?" त्यांनी विचारलं.

"सातही," प्रमुख म्हणाले.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "काका, तुम्ही स्वतः गेला होतात?"

"गेलो होतो."

"मग बरोबर असेल," त्या म्हणाल्या.

फॉर्म भरणं वाईट होतं, पण मला जास्त टोचतं ते हे. तिथे मला थांबता आलं असतं. त्यांनी मला विचारलं ते संशयानं नव्हे. माझ्या शब्दावर त्या विश्वास ठेवणार होत्या, आणि त्यांनी ठेवला.

शेवटच्या दिवशी प्रमुखांनी सांगितलं की आज शेवटचा कार्यक्रम आहे वगैरे बोलू नका, ऐकणाऱ्याला स्टेशन बंद पडतंय असं वाटतं. बाई म्हणाल्या, "नाही बोलत. निरोप घ्यायला ऐकतंय तरी कोण." आणि नेहमीसारखा तास संपवून एसटीला गेल्या. दुसऱ्या दिवसापासून दोन वाजता माझं पुठ्ठ्याचं घड्याळ सुरू झालं. बारा गाणी, सगळी ओळखीची. ढाब्यांच्या जाहिराती वाढल्या. पुढं माझंही वय झालं, मी घरी बसलो. तिथे आता गाणी कॉम्प्युटर निवडतो. त्याच्या पोटात माझीच तीनशे गाणी आहेत म्हणतात.

कुणी पुन्हा विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही; हे सगळं असंच माझ्याबरोबर गेलं असतं. दीड वर्षापूर्वी मोतीबिंदूच्या शिबिरासाठी खालापूरला गेलो. शस्त्रक्रियेनंतर आम्हाला एका डोळ्यावर पट्टी बांधून ओळीनं बाकांवर बसवलं होतं. माझ्या शेजारी तीन म्हाताऱ्या बायका, त्यांच्याही पट्ट्या.

"दोन वाजलं का गं?" एकीनं विचारलं.

"तुला काय गाडी धरायचीय?"

"नाय गं. दोन वाजलं का मला अजून पाठ टेकावीशी वाटती. बाईची येळ."

मी विचारलं, "कुठली बाई?"

"रेडिओवरची. तुमी नाय कदी ऐकली?"

"त्यांना काय इचारती," तिसरी म्हणाली. "बाप्ये कुठं दुपारचे शेतात असत्यात. सावलीला असत्यात."

मी विचारलं, "तुमच्याकडे रेडिओ होता?"

"रेडिओ कुठचा. सुनेचा डबडा मोबाईल. कानातली वायर लावली का त्याच्यात रेडिओ लागायचा. आन् मग त्यो रिकाम्या हंड्यात ठेवायचा. सगळ्या शेताला ऐकू जायचं."

"मालक लय बोंबलायचा," पहिली म्हणाली. "म्हनायचा, ती रेडिओवरची बाई माझ्या शेतात येऊन माझी मानसं बसवती."

"मग?"

"मग काय. ती म्हनायची, आता पानी प्या गं, पाठ सरळ करा, ह्ये गानं लांब हाय. मग बसायला नको? त्याचं ऐकू का तिचं?"

तिघी हसल्या. मग एकीनं सांगितलं की एक दिवस नुसती हिंदी गाणी लागली. मोबाईल बिघडला म्हणून सून तो दुकानात घेऊन गेली. दुकानदार म्हणाला, मोबाईल चांगला आहे. मग बाई आजारी असेल म्हणून महिनाभर रोज दोन वाजता लावून बघितला.

"ही म्हनती ती मेली."

"मी नाय म्हटलं मेली. मी म्हटलं, मेल्याबिगर अशी न सांगता जायची नाय ती."

मी त्यांना वाडी विचारली. त्यांनी सांगितली. माझ्या यादीतली तिसरी. यादी बघायची गरज पडली नाही, ती सातही नावं मला पाठ होती, अजून आहेत. त्यांच्या वाडीतले दहा फॉर्म मी कुठल्या पेनानं भरले तेही आठवलं. बाई जिवंत आहेत, एवढं मी त्यांना सांगितलं. "मग बोलत का नाय?" असं त्यांनी विचारलं. नर्सनं माझं नाव पुकारलं आणि मी उठलो.

बाई कुठं असतात हे मला माहीत होतं. खालापुरात तहसील कचेरीच्या समोर त्यांचं टेबल आहे. लोकांचे अर्ज भरून देतात, दाखले, सातबारा, रेशनकार्डाची कामं. एक प्रिंटर, एक पंखा. डोळा बरा झाल्यावर गेलो. दोन वेळा रांग बघून परत आलो. तिसऱ्यांदा दुपारी गेलो तेव्हा समोर कोणी नव्हतं.

"अरे, काका. बसा. दाखला काढायचाय?"

मी बसलो आणि सांगितलं. आधी म्हाताऱ्या बायकांचं सांगावं, म्हणजे त्यांना बरं वाटेल आणि माझं त्यात झाकलं जाईल, असं घरून ठरवून निघालो होतो. पण तोंडातून आधी फॉर्मच निघाले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सातपैकी किती वाड्या?"

"सहा."

"म्हणजे साठ फॉर्म."

"हो."

"आणि ती चार घरं? ऐकतो म्हणाली होती ती?"

"ती पण मीच लिहिली. खरं वाटावं म्हणून."

"ती चार घरं माझ्या फार लक्षात राहिली होती," त्या म्हणाल्या. "मी बरेच दिवस विचार करायचे, कुठली असतील. रस्त्यानं जाताना एखादं घर बघायचे आणि वाटायचं, हे असेल."

मी टेबलावरच्या अर्जांची चवड सरळ केली.

"नंतर पनवेलहून एका स्टेशनवाल्यांनी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "दुपारचाच कार्यक्रम. मी त्यांना सांगितलं, माझं लोक ऐकत नाहीत, आमच्याकडं सर्व्हे झालाय. सत्तर घरांचा. ते म्हणाले, खरं सांगितलंत, धन्यवाद."

एवढ्यात एक माणूस उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आला. बाईंनी त्याची कागदपत्रं घेतली, आधार कार्डावरचा पत्ता रेशनकार्डाशी जुळवून बघितला. एक अक्षर वेगळं होतं. "हे असं चालणार नाही, दादा," त्या म्हणाल्या. "आधी हे दुरुस्त करून आणा. मी चुकीचं भरलं तर तुमचं काम अडेल." तो कुरकुरत गेला. मी टेबलाच्या कडेला बसून होतो. त्यांनी ते मला ऐकवायला म्हटलं नव्हतं. दिवसातून दहा वेळा त्या तेच म्हणत असणार.

मग मी म्हाताऱ्यांचं सांगितलं. हंडा, मालक, दुकानात नेलेला मोबाईल. पाणी प्या म्हणायच्या ते.

"ते आठवतं त्यांना?"

"शब्द न् शब्द."

"हंड्यात ठेवायच्या?"

"रिकाम्या हंड्यात. वायर लावून."

"हंड्यात माझा आवाज कसा येत असेल," त्या म्हणाल्या, आणि प्रिंटरमध्ये कागद घालायला लागल्या, जरी तो भरलेलाच होता.

निघताना मी म्हटलं, मी काय करू ते सांगा. त्या म्हणाल्या, "मला सांगून झालं. पण तो आकडा फक्त मला सांगितला नव्हता. बैठकीत वाचला होता. त्याचा कागद घरी माझ्या सासऱ्यांनी वाचला, नवऱ्यानं वाचला. आता जे आहे ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहा."

मी आधी स्टेशनला फोन केला. प्रमुख आता दुसरेच आहेत. म्हणाले, काका, जुनी गोष्ट आहे, त्या फाईली पावसात गेल्या, तुम्ही तब्येत सांभाळा. मग मी हे लिहायला बसलो. त्याआधी पनवेलच्या त्या स्टेशनला एक पत्र पाठवलं, त्यात एवढंच लिहिलं की तुम्हाला सांगितलेला सर्व्हे खोटा होता आणि तो मी केला. त्यांचं उत्तर आलेलं नाही. तिथेही बहुधा गाणी कॉम्प्युटर निवडत असेल.

त्या वाडीला जाऊन आलो. तिघींपैकी दोघी भेटल्या. न सांगता बाई का गेली, ते सांगितलं. एक जण म्हणाली, "मंग तुमी त्या दिवशी माझ्या शेजारी बसून काय ऐकत व्हता?"

इथपर्यंत लिहून झाल्यावर हे कागद घेऊन मी पुन्हा खालापूरला गेलो. बाईंचं वाचून झाल्याशिवाय ते कुणाच्या हातात द्यायचे नव्हते. रांग होती. त्यांनी रांगेला थांबवलं आणि उभ्यानंच वाचलं. शेवटच्या पानावर मी एक वाक्य लिहिलं होतं, की बाईंनी मोठ्या मनानं मला माफ केलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"हे कधी झालं?"

"झालं नाही."

"मग काढा."

मी त्यांच्याच टेबलावरचं पेन घेऊन ते खोडलं. त्यांनी कागद परत दिले आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला बसायला सांगितलं.